बोलता न येणाऱ्या मुलाचे वाचन

श्रोतेहो, नमस्कार. मेंदूची वाढ होत असताना, जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, त्याला इजा झाली तर मुलाच्या हालचालींवर, बसण्याउठण्यावर आणि पुष्कळदा बोलण्यावरही मर्यादा येते. या अवस्थेला आपण सेरेब्रल पाल्सी म्हणतो. अशा मुलांना वाचायला शिकवताना मोठा अडथळा येतो तो आपल्याच एका समजुतीचा : वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे. आपल्याकडे अक्षरओळख सुरात म्हटलेल्या बाराखडीने होते; त्यामुळे ज्याच्या तोंडून ‘क’ उमटत नाही, त्याला ‘क’ कळतच नाही असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक मुलावर अन्याय करणारे आहे, कारण ओठ-जीभ साथ देत नसली तरी ऐकलेले ध्वनी मनात वेगळे करणे अनेक मुलांना जमते.

ते जमते का, हे नजरेवरून पाहता येते. मूल आणि घर अशी दोन चित्रे अंतर ठेवून समोर धरावीत आणि ‘फूल’शी कोणता शब्द जुळतो, असे विचारावे. विचारणाऱ्याने स्वतः बरोबर चित्राकडे पाहू नये आणि उत्तरासाठी भरपूर वेळ द्यावा; घाई केली की मुलाचे स्नायू अधिकच ताठरतात. त्याआधी बैठक नीट हवी. पाठीला आधार, पावले टेकलेली आणि मजकूर उतरत्या फळीवर असला, तर मान सावरण्यात खर्च होणारी शक्ती वाचनाला मिळते. काही मुलांना दिसलेल्याचा अर्थ लावणेही कठीण जाते. त्यांच्यासाठी अक्षर मोठे आणि पानावर मजकूर मोजका असावा, कारण वेलांटी, उकार, मात्रा अक्षराच्या चारही बाजूंनी येतात.

आपल्या वर्णमालेची मांडणी इथे फार उपयोगी पडते. पालकांनी ‘कवर्ग? चवर्ग? टवर्ग?’ असे क्रमाने विचारावे, मुलाने हवा तो वर्ग आला की नजर वर करावी किंवा ठरलेली दुसरी खूण करावी, मग त्या वर्गातली अक्षरे एकेक करून विचारावीत. ‘क’पासून ‘म’पर्यंतची २५ व्यंजने अशी जास्तीत जास्त १० प्रश्नांत सापडतात. ‘य’पासूनची अक्षरे आणि स्वर यांच्या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात आणि काना, वेलांटी, उकार नंतर त्याच रीतीने विचारावेत. ‘मामा’ हा शब्द हात न हलवता, आवाज न काढता लिहून होतो. माझ्या मते, शिकवण्याची सुरुवात इथूनच व्हावी. बोलणे सुधारेपर्यंत वाचन थांबवू नये, कारण शब्द जुळवणारे मूल आपल्याला काय दुखते, काय हवे, हेही सांगू लागते.

मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली आणि या मुलांच्या शिक्षणाला वाट मिळाली. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो आणि बोलण्याला पूरक अशा संवादपद्धतींना उत्तेजन देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच पालकांनी शाळेला लेखी कळवावे की आमचे मूल नजरेने उत्तर देते, आणि त्याची तोंडी परीक्षा त्याच पद्धतीने घ्यावी.