बास-ट्रेबलचे नॉब फिरवावेत का?

नमस्कार. अँप्लिफायरवर बास (खालचे, जाड सूर) आणि ट्रेबल (वरचे, बारीक सूर) असे दोन नॉब असतात. ते कायम मधोमध ठेवायचे, की गरजेप्रमाणे फिरवायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: फिरवायचे. मात्र त्यांना कोणतं काम जमतं आणि कोणतं जमत नाही, हे माहीत असायला हवं. बहुतेकांचे हात इथेच पोळतात आणि मग दोष नॉबच्या माथी जातो.

विरोधाचा मुख्य मुद्दा असा असतो की रेकॉर्डिंग जसं झालं तसंच ऐकावं, त्यात ढवळाढवळ करू नये. पण ‘जसं झालं’ म्हणजे नेमकं कसं? स्टुडिओतल्या इंजिनियरने प्रत्येक माइकच्या आवाजावर इक्वलायझर, म्हणजे सुरांची पातळी कमी-जास्त करणारं यंत्र, फिरवलेला असतो. तो किती फिरवायचा, हे त्याने त्याच्या स्पीकरवर, त्याच्या खोलीत, त्याच्या कानांनी ठरवलेलं असतं. त्याचा स्पीकर बासमध्ये कमी पडत असेल, तर तो रेकॉर्डिंगमध्ये बास जास्त भरणार. तीच रेकॉर्ड आपल्याकडे घुमणार. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल याला ‘गोंधळाचं वर्तुळ’ म्हणतात, आणि हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. जुन्या रेकॉर्डचं तर विचारूच नका. रेकॉर्ड कापताना खालचे सूर किती दाबायचे आणि वरचे किती चढवायचे, याच्या आराखड्याला कर्व्ह म्हणतात. 1954च्या सुमारास आरआयएए हा सगळ्यांसाठी समान कर्व्ह रुळला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या कर्व्हने रेकॉर्ड कापत असे. ती रेकॉर्ड आजच्या फोनो इनपुटवर (रेकॉर्ड प्लेयर जोडायची जागा, जी आरआयएए कर्व्हच धरून चालते) लावून दोन्ही नॉब मध्यावर ठेवले, तर जे ऐकू येतं ते मूळ नसतंच.

दुसरा आक्षेप फेजचा, म्हणजे लहरींच्या वेळेतल्या मागे-पुढे होण्याचा. नॉब फिरवला की फेज सरकते, हे खरं आहे. पण साध्या फिल्टरमध्ये पातळी आणि फेज एकमेकांना बांधलेल्या असतात. स्पीकरचा बास भिंतीमुळे फुगला असेल, तर त्याच्याबरोबर फेजही हललेली असते. त्याच आकाराचा उलटा उतार दिला, तर पातळीसोबत फेजही बऱ्याच अंशी जागेवर येते. त्यामुळे या आक्षेपात मला फारसा दम दिसत नाही.

आता नॉबच्या आत काय चालतं ते बघू. पीटर बॅक्झँडल या इंग्रज अभियंत्याने ऑक्टोबर 1952च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये निगेटिव्ह फीडबॅकवर (बाहेर आलेल्या सिग्नलचा काही भाग उलटा करून परत आत देण्यावर) चालणारं टोन सर्किट, म्हणजे या नॉबमागचं सर्किट, मांडलं. आजही बहुतेक अँप्लिफायरमध्ये तेच किंवा त्याचं भावंड असतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, त्यावरून सुराची उंची कळते; डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप. साधारणपणे 100 हर्ट्झला आणि 10 किलोहर्ट्झला अधिक-उणे 10 डेसिबल, अशी त्याची मजल. पण ‘100 हर्ट्झला’ या शब्दांवर जाऊ नका. तो उतार आहे, खिळा नाही. बास पुरता चढवला की 200-300 हर्ट्झचा भागही काही डेसिबलने वर येतो, आणि पुरुषाचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. ट्रेबलचंही तसंच. कानाला टोचणारा कर्कशपणा बहुधा 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतो, आणि नॉबचा खरा जोर 10 किलोहर्ट्झवर. कर्कशपणा घालवायला ट्रेबल उतरवत गेलं, तर झांजांची चमक आधी जाते आणि टोचणं तसंच राहतं. अशा वेळी नॉब सोडा. स्पीकर तुमच्याकडे रोखलेले असतील तर थोडे बाहेर वळवा, किंवा पॅरामेट्रिक इक्वलायझर वापरा; त्यात हवी ती नेमकी पट्टी निवडून तेवढीच उतरवता येते.

खोलीचं दुखणं याहून अवघड. समोरासमोरच्या भिंतींत 4 मीटर अंतर असेल, तर 43 हर्ट्झच्या आसपास लहर उभी राहते, म्हणजे भिंतींवरून परतणारा तो सूर स्वतःवरच चढून एका जागी साठतो. भिंतीला टेकून बसलात तर ती घुमते, खोलीच्या मध्यावर बसलात तर तो सूर जवळजवळ गायब होतो. घुमणारा एक सूर दाबायला बासचा नॉब उतरवला, तर त्याच्या शेजारचे निर्दोष सूरही दबतात. आणि गायब झालेला सूर नॉबने कधीच परत येत नाही, कारण जितका वाढवाल तितकाच भिंतीवरून येणारा उलटा आवाज त्याला खातो. तिथे खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे सरकवणं हाच उपाय. स्पीकर भिंतीला चिकटले असतील तर खालच्या सुरांत 6 डेसिबलपर्यंत भर पडते. ती नॉबने काढण्याआधी स्पीकर 20 सेंटिमीटरवरून 60 वर आणून बघा. नॉबचं काम या सगळ्यानंतर सुरू होतं.

मग बसवायचं कसं? रोज ज्या आवाजात ऐकता तोच आवाज ठेवा. चांगली माहीत असलेली तीन-चार रेकॉर्डिंग निवडा. त्यांत एक तरी साधा मानवी गळा हवा, कारण गळ्यातली खोट कान सर्वांत लवकर पकडतो. एका वेळी एकच नॉब. तो स्पष्टपणे जास्त वाटेपर्यंत न्या, मग फरक जाणवेनासा होईपर्यंत परत आणा. योग्य जागा या दोहोंच्या मधे असते, आणि ती बहुधा 2-3 डेसिबलच्या आतच निघते. 6च्या पुढे जावं लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. आवाज बारीक, पोकळ वाटला तर बास चढवण्याआधी ट्रेबल एक-दोन डेसिबल उतरवून बघा. अनेकदा तेवढ्याने भागतं. तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एक डेसिबल जास्त असलेली बाजू कानाला चांगली वाटते, आणि आपण नॉबला शाबासकी देऊन बसतो.

चढवण्याची किंमत लक्षात ठेवा. 3 डेसिबल म्हणजे दुप्पट पॉवर, 10 म्हणजे दहापट. 5 वॉटवर वाजणारा बास 10 डेसिबलने चढवला तर तिथे 50 वॉट लागतात. अँप्लिफायर तिथवर पोचला नाही तर क्लिप होतो, म्हणजे लहरीची टोकं कापली जातात, आणि त्या क्लिपिंगमधून निघालेल्या वरच्या सुरांनी ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळू शकतो. वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) हिशोब वेगळाच: तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर त्याच्या कोनला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. पोर्ट (पेटीला ठेवलेलं भोक) असलेल्या छोट्या स्पीकरमध्ये, पोर्ट ज्या सुरासाठी जुळवलेला असतो त्याच्या खाली, हवेचा आधारच सुटतो, कोन फडफडतो आणि आवाज मात्र वाढत नाही. डिजिटल प्लेयरमध्ये 6 डेसिबल चढवणार असाल, तर आधी प्रीअँप, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी, 6ने खाली घ्या. नाहीतर सिग्नल तिथेच तुटेल.

हळू आवाजात ऐकणाऱ्यांसाठी मात्र बासचा नॉब ही हक्काची गोष्ट आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्ये दाखवलं की आवाज कमी केला की कानाला खालचे सूर अधिक वेगाने कमी वाटू लागतात. कानाला किती जोरात वाटतं याच्या आजच्या आयएसओ 226 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या आकड्यांनुसार 80 फोनवरून (फोन हे कानाला वाटणाऱ्या जोराचं माप, टेलिफोन नव्हे) 60वर आलं, तर तोल राखायला 100 हर्ट्झपाशी साधारण 6 डेसिबल भर लागते, 50 हर्ट्झपाशी 8. वरच्या टोकाला मात्र फारसा फरक पडत नाही. त्यामुळे हळू आवाजातली ही उणीव भरायला दिलेलं, पण बासबरोबर ट्रेबलही चढवणारं लाउडनेसचं बटण मला पटत नाही. शिवाय ते व्हॉल्यूमच्या नॉबची जागा बघून काम करतं. तुमचा स्पीकर किती जोरात वाजतोय, हे त्याला कळत नाही. रात्री हळू ऐकताना ते बटण बंद ठेवून बास हाताने चढवणं बरं.

नॉब नीट आहे ना, हेही तपासा. मधली खाच म्हणजे सपाट आवाज, असं दर वेळी नसतं. टोन सर्किट वगळणारं डायरेक्ट किंवा बायपासचं बटण दाबून फरक ऐका. फिरवताना गायकाचा आवाज एका बाजूला सरकत असेल, तर पॉटचे (नॉबमागच्या फिरत्या रोधाचे) डावे-उजवे ट्रॅक जुळत नाहीत. खरखर येत असेल तर अँप्लिफायर बंद करून प्लग काढा, पॉटच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, आणि पूर्ण वाळल्यावरच वीज जोडा.

शेवटची एक सवय. खोलीसाठी बसवलेली जागा पेन्सिलची बारीक खूण करून ठेवा. एखाद्या सुरसुरणाऱ्या जुन्या रेकॉर्डसाठी ट्रेबल आणखी 3-4 डेसिबल उतरवला असेल, तर ती संपली की नॉब परत त्या खुणेवर आणा.