मंडईतलं आर्यन

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याच्या मंडईत गाडी घेऊन जाणाऱ्यांना दोन नावं पाठ असतात, मिनर्वा आणि आर्यन. "मिनर्वाला जागा नसेल, आर्यनला लाव," असं आपण सहज म्हणतो, किल्ली खिशात टाकतो आणि पिशवी घेऊन भाजीच्या दिशेनं निघतो. आज ही वाहनतळांची नावं आहेत. पण मूळची ही दोन थिएटरं, आणि त्यातलं आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. १९१५ साली बापूसाहेब पाठकांनी ते सुरू केलं आणि १९८३ साली ते पाडलं गेलं. त्या आर्यनबद्दल मला आज बोलायचं आहे. नाव रोज तोंडी असलं, तरी तिथे काय होतं ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत.

१९१५ हा काळ कसा होता, ते आधी बघू. दादासाहेब फाळक्यांचं पहिलं चित्र मुंबईत कोरोनेशनला लागलं ते मे १९१३ मध्ये. त्याला जेमतेम दोन वर्षं होत होती. सिनेमा म्हणजे तंबू ठोकायचा, चार दिवस खेळ करायचे आणि पुढच्या गावाला जायचं, असा तो धंदा. हे वेड टिकेल की चार वर्षांत ओसरेल, हे तेव्हा कुणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. अशा वेळी नाटकवेड्या पुण्यात, भर मंडईजवळ, फक्त सिनेमासाठी थिएटर उभं करायचं, याला मोठं धाडस लागतं. मला त्या माणसाचं आजही कौतुक वाटतं.

चित्रं अर्थातच मुकी. पडद्यावर अधूनमधून अक्षरं यायची, ती वाचता येणारा मोठ्यानं वाचायचा आणि शेजारचे चारजण ऐकायचे. बाजूला पेटी-तबला. पडद्यावर लढाई लागली की तबलजीचा हात चढायचा. माझ्या आजोबांनी हे सगळं पाहिलं होतं. बोलपट आल्यावर थिएटरातला गलका कमी झाला, याची त्यांना शेवटपर्यंत रुखरुख होती.

आता आर्यनच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट. ७ फेब्रुवारी १९२० रोजी इथे 'सैरंध्री' लागला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं हे पहिलं चित्र. बाबूराव मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. परदेशी कॅमेरा हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी तो कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी बनवला. दामले त्यांच्या मदतीला होते, तेच पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक झालेले विष्णुपंत दामले. आणि त्या घरी घडवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र पुण्यात आर्यनच्या पडद्यावर आलं.

कथा कीचकवधाची. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक इंग्रज सरकारनं १९१० साली बंद केलं होतं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. नाटकाला बंदी, पण दहा वर्षांनी तीच गोष्ट पडद्यावर आली, तीही पुण्यात. काय वाटलं असेल हो त्या लोकांना! भीमानं कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वठला होता की लोक किंचाळले, आणि पुढे तो भागच कापून टाकावा लागला, असं सांगतात. लोकमान्य टिळकांनी हे चित्र पाहिलं आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. स्वतःच्या वर्तमानपत्राचं नाव त्यांनी एका चित्रपटकाराला बहाल केलं, यापेक्षा मोठी पावती कुठली? त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले. १९२४ साली मंडईत त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळा आजही तिथेच आहे. 'सैरंध्री' मात्र आता कुठेच उपलब्ध नाही, आणि ते चित्र जिथे लागलं ते थिएटरही नाही.

हा इतिहास मला मोठेपणी कळला. शुक्रवार पेठेतल्या आम्हा पोरांच्या लेखी आर्यन म्हणजे हाकेच्या अंतरावरचा सिनेमा. आई मंडईत भाजी घ्यायला निघाली की मी पिशवी धरायच्या निमित्तानं बरोबर जायचो, ते बाहेरचे फोटो बघायला. काचेच्या पेटीत टाचण्यांनी लावलेले ते काळे-पांढरे फोटो. तेवढ्यावरून आम्ही अख्खी गोष्ट रचायचो. पुढे खरा सिनेमा पाहायला मिळाला तर तो कधी कधी आमच्या गोष्टीपेक्षा फिका वाटायचा. चित्र नवं की जुनं, याच्याशी आम्हाला काहीच देणंघेणं नव्हतं.

दुपारच्या खेळाला मंडईतली माणसं असायची. सकाळचा बाजार उरकला, की टोपली शेजारणीच्या हवाली करून भाजीवाल्या मावश्या तिकिटाच्या रांगेत उभ्या राहायच्या. हमाल असायचे, तांबट आळीतले कारागीर असायचे. अंधारात कोथिंबिरीचा आणि पिकल्या केळ्यांचा वास यायचा. देव पडद्यावर आला की मावश्या हात जोडायच्या आणि खलनायकाला त्याच हातांनी बोटं मोडून शिव्या घालायच्या. आधी फिल्म्स डिव्हिजनचं वार्ताचित्र, पूर, धरण, पंतप्रधानांचं भाषण. मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. त्यावर रिळांचा आकडा असायचा आणि तो सगळं थिएटर एका सुरात वाचायचं. "सोळा!" असं ओरडताना आपल्याला आज भरपूर सिनेमा मिळणार, याचा केवढा आनंद व्हायचा!

पण मला खरी ओढ होती ती पाठीमागच्या केबिनची. आमच्या वाड्यात ऑपरेटरचं काम करणारे एक गृहस्थ राहत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मालकांची परवानगी घेऊन एकदा त्यांनी मला केबिनमध्ये नेलं, तेव्हा मी सहावीत असेन. आत शेजारी शेजारी दोन मशिनं. उकाडा विचारू नका. त्या मशिनांत आजच्यासारखा दिवा नसायचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणायच्या, त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी पेटायची आणि डोळे दिपवणारा पांढराशुभ्र उजेड पडायचा. तो उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही, गडद काचेतून बघायचा. कांड्या जळत जळत झिजतात, अंतर वाढतं आणि पडदा मंद होतो. म्हणून मामांचा एक हात सतत कांड्या जवळ आणणाऱ्या चकतीवर. लक्ष जरा इकडेतिकडे झालं की खालून शिट्ट्या!

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. चौदा हजार फुटांचा सिनेमा म्हणजे अडीच तासांवर काम. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, पुन्हा ठिपका दिसला की याचा उजेड बंद आणि त्याचा सुरू. खाली बसलेल्यांना कळताही कामा नये. मामा ते इतक्या सफाईनं करायचे की मी शेजारी उभा असूनही मला सांधा सापडला नाही. फिल्म तुटली तर दोन्ही टोकं ब्लेडनं खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि पुन्हा मशीनवर चढवायची, तेही थिएटरभर आरडाओरडा चालू असताना. जोडकामातून उरलेले तुकडे आणि कार्बनची थोटकं मामा आम्हा मुलांसाठी खिशातून आणायचे. थोटकांनी वाड्याच्या फरशीवर रेघोट्या मारायच्या. फिल्मचे तुकडे मात्र वहीच्या पानांत जपून ठेवायचे. दीड फूट पट्टीत चोवीस चित्रं असतात, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद, हे मामांनीच शिकवलं.

त्या तुकड्यांवर आमचं वाड्यातलं थिएटर चालायचं. उडालेल्या बल्बची टोपी काढून आत पाणी भरलं की झालं भिंग. एका खोक्याला भोक, त्यात फिल्मचा तुकडा, पुढे तो बल्ब. बाहेर उन्हात एकानं आरसा धरून कवडसा आत सोडायचा आणि खोलीत धोतराचा पडदा. चित्र उलटं पडायचं, म्हणून पट्टी उलटी लावायची. ऊन सरकलं की आरसेवाला सरकायचा. पुढे बाबूराव पेंटरांच्या घरगुती कॅमेऱ्याबद्दल वाचलं, तेव्हा मला आमचं ते खोकं आठवलं आणि त्या माणसाच्या कामाची उंची नीट कळली. आम्हाला बल्बचं भिंग जमवायला अख्खी सुट्टी लागली होती, त्यांनी कॅमेरा उभा केला होता.

१९७३ साली पुण्यात दूरदर्शन दिसायला लागलं. रविवारचा सिनेमा ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरी. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. मंडईत वाहनं वाढली, ती लावायला जागा हवी होती, हेही खरंच. मंडईला येणाऱ्या माणसाची गरज मी नाकारत नाही. पण आर्यन पाडलं तेव्हा त्याची एखादी भिंत, तिकिटाची एखादी खिडकी, केबिनमधलं एखादं मशीन तिथेच जपायला हवं होतं, असं मला आजही कळकळीनं वाटतं. पाडकाम चालू असताना मी मुद्दाम गेलो होतो. केबिनची भिंत मधोमध फुटली होती आणि ज्या चौकोनी झरोक्यांतून उजेड पडद्यावर जायचा, ते झरोके मी पहिल्यांदा बाहेरून पाहिले. मामा तेव्हा निवृत्त झाले होते. मी त्यांना विचारलं, येताय का? ते आले नाहीत.

श्रोतेहो, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात बघा. पूर्वी थिएटरबाहेर आण्या-दोन आण्यांना गाण्यांची पुस्तकं मिळायची, ती सापडतील. तिकिटांचे अर्धे तुकडे, खेळांच्या जाहिरातींचे कागद, आर्यनच्या बाहेर काढलेला एखादा फोटो सापडेल. तो रद्दीत देऊ नका. आपल्याच गावात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालापासून. तिथे अशा वस्तू जपल्या जातात. आणि फोटो नसेल, पण घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. आर्यनला काय पाहिलं, कुणाबरोबर पाहिलं, तिकीट किती होतं, ते विचारा आणि तारखेसकट लिहून काढा. मी माझ्या मामांचं लिहायला घेतलं आहे.

नमस्कार.