टोचणी आणि तक्रारीचं कार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

१९४७ च्या ऑक्टोबरात हार्वर्डचा अमेरिकन फुटबॉलचा संघ व्हर्जिनिया विद्यापीठाशी खेळायला शार्लट्सव्हिल गावी गेला. संघात चेस्टर पिअर्स नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. दक्षिणेत गोऱ्यांच्या विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, कृष्णवर्णीय खेळाडू उतरायची तेव्हा पद्धत नव्हती. पिअर्स उतरले. तो काळ उघड भेदभावाचा. कोणी कुठे जेवायचं, कुठे झोपायचं, हे कायदाच सांगत असे.

पुढे पिअर्स मनोविकारतज्ज्ञ झाले, हार्वर्डमध्ये शिकवू लागले. भेदभावाचे कायदे तोवर गेले होते. पण तास संपला की एखादा गोरा विद्यार्थी येऊन त्यांना सांगायचा, वर्ग असा घ्या, खुर्च्या अशा मांडा. कृष्णवर्णीय विद्यार्थी असं सांगायला कधी येत नसे. त्या गोऱ्या मुलाच्या मनात बहुधा वाईट काहीच नसेल, आणि पिअर्सना नेमकं तेच दाखवायचं होतं. समोरचा प्राध्यापक कृष्णवर्णीय आहे म्हटल्यावर त्याला चार गोष्टी शिकवायचा हक्क त्या मुलाने गृहीतच धरला होता. १९७० मध्ये पिअर्सनी अशा वागण्याला ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ असं नाव दिलं. आपण त्याला टोचणी म्हणू. एकेक प्रसंग किरकोळच, पण रोज आणि जन्मभर सोसायचा. ते साचत जातं.

हा विचार मला पटतो. गडबड पुढे झाली.

२००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टोचण्यांचं वर्गीकरण केलं. विद्यापीठांच्या कचेऱ्यांनी त्यातून याद्या केल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाने विभागप्रमुखांसाठी घेतलेल्या प्रशिक्षणातली यादी २०१५ मध्ये बरीच गाजली. ‘तुम्ही कुठले?’, ‘तुमचं इंग्रजी छान आहे हो’ ही वाक्यं तिच्यात होती. ती मला समजतात. अमेरिकेतल्या सॅन होजेत जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलीला कोणी ‘ते ठीक, पण खरी कुठली?’ असं विचारलं, तर तू इथली नाहीस हेच तिला ऐकू येणार. पण ‘नोकरी सर्वांत लायक माणसाला मिळावी’ हे वाक्यही त्याच यादीत! अहो, हे तर मत झालं. चूक की बरोबर, यावर भांडता येईल. वंशाचा विचार करून प्रवेश देण्याचा वाद हार्वर्डवरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये ती पद्धत रद्द झाली. इतका मोठा वाद टोचण्यांच्या यादीत घातला की तो घालायचीच सोय उरत नाही.

एमरी विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्कॉट लिलियनफेल्ड यांनी २०१७ मध्ये याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं. टोचण्या खोट्या आहेत, असं ते म्हणाले नाहीत. पुरावा तोकडा आहे, तो भक्कम होईपर्यंत ही प्रशिक्षणं थांबवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आता पुन्हा शार्लट्सव्हिल. २०१८ मध्ये तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात या विषयावर परिसंवाद झाला. भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याने उठून विचारलं, मायक्रोअ‍ॅग्रेशनचा बळी ठरायला माणूस वंचित गटातलाच असावा लागतो का? प्रश्नोत्तरं लांबली, सूर चढला, आणि एका प्राध्यापिकेने त्याच्या वर्तणुकीबद्दल काळजी व्यक्त करणारं कार्ड भरलं. पुढे त्याचं निलंबन झालं, प्रकरण कोर्टात गेलं. निलंबन नंतरच्या वागण्यामुळे केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं आणि निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. तेव्हा निलंबनाबद्दल मी बोलत नाही. मला खटकतं ते कार्ड. परिसंवादातल्या प्रश्नाला तिथेच उत्तर द्यायचं, की कचेरीत कागद सरकवायचा?

हा वाद परक्यांचा म्हणून ऐकून सोडून द्यावा, असंही राहिलेलं नाही. २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावविरोधी नियमांत जात घातली, २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने. ‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं?’ या प्रश्नांमागे कधीकधी काय चाचपडलं जातं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हा अमेरिकेतली पोरं फार हळवी झालीत, असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. प्रवेश, गुण, नोकरी यांत जात आडवी आली तर नियम हवाच. मेसमधल्या ‘मूळ गाव कोणतं?’ला मात्र ‘कशाला विचारतोस?’ एवढं तोंडावर विचारता यावं, असं मला वाटतं. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या नियमाविरुद्ध २०२२ मध्येच दोन प्राध्यापक कोर्टात गेले. या नियमामुळे आम्हा हिंदूंकडेच संशयाने पाहिलं जाईल, अशी त्यांची तक्रार होती. दोघेही भारतीय वंशाचे.