इरेज की क्लिअर? ९०० चं इसवण ९००० ला का दिसलं

नमस्कार मंडळी! फोंड्यात पाऊस धो धो पडतोय, लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

म्हापशाला मित्राचं मासळीचं दुकान आहे, त्याला मी एनकर्सेस (टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, मजकूर मांडायची लायब्ररी) वापरून दराचा बोर्ड करून दिला. सकाळी इसवण (म्हणजे सुरमई) १२०० रुपये किलो, दुपारी उतरून ९०० झालं, आणि बोर्डावर दिसतंय काय तर ९०००! गिऱ्हाईक आकडा वाचून तसंच पुढे गेलं मरे. झालं असं की १२०० वरच ९०० छापलं, तीन आकड्यांवर तीन बसले आणि शेवटचा शून्य होता तिथेच राहिला.

मग छापून झाल्यावर क्लिअर-टू-ईओएल हे फंक्शन लावलं, म्हणजे कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं पुसायचं, कर्सरखालचं अक्षरसुद्धा. शून्य गेला, पण त्या ओळीतली चौकटीची उजवी रेघ पण गेली! कारण चौकट त्याच विंडोत (स्क्रीनच्या त्याच भागात) काढलेली, आणि विंडोच्या लेखी रेघ काय नि आकडा काय, दोन्ही अक्षरंच. शेवटी चौकट बाहेरच्या विंडोत ठेवली आणि दर आतल्या छोट्या विंडोत.

यावरूनच ज्युनिअर पोरांसाठी मराठीत नोट्स लिहायला घेतल्या. पहिल्या ड्राफ्टमध्ये इरेज या फंक्शनपुढे लिहिलं ‘स्क्रीन साफ करतं’, क्लिअर या फंक्शनपुढेही तेच, आता वाचणाऱ्याने यातून काय घ्यायचं? खरा फरक असा, की इरेज विंडोत सगळीकडे रिकामी जागा भरतं आणि रिफ्रेश केल्यावर (म्हणजे विंडोतले बदल स्क्रीनवर आण असं सांगितल्यावर) लायब्ररी फक्त बदललेलं तेवढंच टर्मिनलला पाठवते, पण क्लिअर वरून क्लिअरओके नावाची खूण पण लावतं, त्यामुळे पुढच्या रिफ्रेशला अख्खा स्क्रीन पुसून पहिल्यापासून रंगवला जातो. ते लूपमध्ये टाकलंत की बोर्ड लुकलुकणार, त्यात एसएसएच (नेटवरून दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलवर काम करणं) आणि आपलं पावसाळी नेट असेल तर बघायलाच नको. क्लिअर कधी वापरायचं, तर दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने तुमच्या स्क्रीनवर कचरा करून ठेवला असेल तेव्हा, कारण तो कचरा लायब्ररीला माहीतच नसतो.

अजून एक, रिकामी जागा म्हणजे काळीच असं नाही, विंडोला जो बॅकग्राउंड लावलाय तो रंग तिला येतो.

आणि नोट्समध्ये प्रत्येक फंक्शनखाली मी एक ओळ परत परत लिहिलीय, कंटाळा आला तरी: रिफ्रेश केल्याशिवाय स्क्रीनवर काहीच पुसलं जात नाही. मॅन पेज (फंक्शनची माहितीपुस्तिका) वाचूनसुद्धा मी याच्यावर अख्खी संध्याकाळ घालवलेली.