बाकाच्या मधोमध

(दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा, लाकडी बाक)

सातारा. सकाळचे पावणेअकरा. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला वडील, आणि मध्ये १४ वर्षांची मुलगी. तिचं नाव आपण घेणार नाही.

ती ६ वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून ती आजोळीच वाढली. वडील ठाण्याला नोकरीत. त्यांनी दुसरं लग्न केलं, घर मार्गी लावलं, आणि आता दहावीच्या आधी लेक आपल्याकडे यावी असं त्यांना वाटतं. आजी-आजोबांचा तिच्याशिवाय दिवस सरत नाही. माया दोन्हीकडची खरी आहे, आणि म्हणूनच हा गुंता सुटता सुटत नाही.

कागदोपत्री याला ‘ताबा’ म्हणतात. जमिनीचा ताबा, खोलीचा ताबा, तसाच मुलीचा. हा शब्द मनाला फार लागतो.

अर्ज होतो १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात, म्हणून वडील पहाटेच ठाण्याहून निघालेत. हिंदू कायद्यानुसार आईच्या माघारी वडील हेच नैसर्गिक पालक. आजोबांची बाजू इथे कमजोर पडते. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ सांगतं, आधी मुलाचं हित. आणि १८९० च्या कायद्यातलं कलम १७ म्हणतं, मूल समजून-उमजून आपली पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं.

(दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत)

२००८ मध्ये बंगालमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. आई गेलेली, तिच्या मृत्यूप्रकरणी वडिलांवरच खटला. तरीही खालच्या दोन्ही न्यायालयांनी मुलाला वडिलांकडे द्यायला सांगितलं होतं. न्यायमूर्तींनी त्या मुलाला आपल्या दालनात बोलावून विचारलं. त्याने वडिलांकडे जायला साफ नकार दिला, आणि तो आईच्या आई-वडिलांकडेच राहिला.

२०२२ चं प्रकरण अहमदाबादचं. कोविडने आई आणि वडील दोघंही हिरावलेलं पोर. उच्च न्यायालयाने त्याला मावशीकडे सोपवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या आई-वडिलांकडे दिलं. नुसतं उत्पन्न, वय किंवा मोठं कुटुंब यांवर पारडं झुकवता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पेन्शनीवर घर चालवणाऱ्या कितीतरी आजोबांना याने धीर आला असेल.

(दृश्य: पुन्हा व्हरांडा)

पण १४ वर्षांच्या मुलीला ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ असं विचारणं सोपं नाही. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचा चेहरा पडणार, हे तिला कळतं. घरून पढवून पाठवलेलं उत्तर तर तिच्यावर अन्यायच आहे, मग ते कुणीही पढवलेलं असो. तिला एकटीला बसवून विचारावं. शाळा, मैत्रिणी, रात्रीची झोप. सावत्र आईशी बोलणं होतं का. गणपतीत कुठे असतेस. त्यातून आपसूक कळतं.

आणि वेळ लावू नये. १८ पूर्ण झाले की ताब्याचा प्रश्नच उरत नाही. वर्षभर तारखा पडत राहिल्या, तर तिचं हातातलं एक वर्ष गेलं.

आजीने डबा दिलाय. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. मुलगी अर्धं मोडून आजोबांना देते, उरलेलं वडिलांपुढे धरते. ‘पप्पा, सकाळपासून काही खाल्लं नाही ना तुम्ही?’

ते घेतात.

शिपाई पुकारा करतो. आत एकटीलाच बोलावलंय. ती ओढणी सारखी करते आणि मागे न बघता जाते.

बाकावर डबा उघडाच राहिलाय. आजोबा झाकण लावायला बघतात, त्यांचा हात थरथरतो. वडील जवळ सरकतात आणि झाकण दाबून बसवतात.