गर्दीतले रूपविकारी तारे

मंडळी, १८६० सालच्या मे महिन्यात वृश्चिक राशीतल्या एका तारकागुच्छानं ज्योतिर्विदांना चकवलं. हा एम-८०, म्हणजे मेसियेच्या यादीतला ऐंशीवा. लाखो तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणानं बांधलेला गच्च गोळा, लहान दुर्बिणीतून मात्र नुसता धूसर ठिपका. २१ मे रोजी आर्थर आउवर्स या जर्मन ज्योतिर्विदाला त्या ठिपक्याच्या जागी ठसठशीत तारा दिसला. आठवड्याभरात इंग्लंडमध्ये नॉर्मन पॉग्सन यांनाही तो स्वतंत्रपणे दिसला. हेच पॉग्सन पुढच्या वर्षी मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होऊन आपल्याकडे आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. तो नवतारा होता, म्हणजे एकाएकी उजळून पुन्हा मंद होत जाणारा तारा. भर तेजात असताना तो एकटा अख्ख्या गुच्छाला भारी पडत होता, आणि काही आठवड्यांत दिसेनासा झाला.

असा तारा आपण होऊन नजरेत भरतो. आज मला बोलायचंय ते ज्यांचं तेज थोडंसंच आणि काही तासांत कमीजास्त होतं, आणि जे हजारो शेजाऱ्यांच्या उजेडात बुडालेले असतात, त्या रूपविकारी ताऱ्यांविषयी.

त्यांचा पहिला मोठा शोध पेरूमधल्या अरेक्विपा इथे लागला. हार्वर्ड वेधशाळेनं तिथे दक्षिण आकाशासाठी दुर्बीण बसवली होती. सोलॉन बेली तिथे काचेच्या पट्ट्यांवर तारकागुच्छांची छायाचित्रं घेत आणि भिंगाखाली एकेक ठिपका शेजारच्या ठिपक्यांशी ताडून बघत. १८९० च्या दशकात त्यांनी आणि हार्वर्डच्या सहकाऱ्यांनी असे ५०० हून जास्त रूपविकारी तारे शोधले. नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या एकाच गुच्छात सव्वाशेहून जास्त! (हा गुच्छ एप्रिल-मेमध्ये कोकणातून, गोव्यातून दक्षिण क्षितिजाच्या वर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अंधारी जागा मिळाली तर चुकवू नका.) या ताऱ्यांतले बहुतेक आज आपण ज्यांना आरआर लायरी म्हणतो त्या जातीचे. ते आकुंचन-प्रसरण पावतात, एक आवर्तन साधारण पाच तास ते एक दिवस एवढ्यात पुरं करतात. त्यांच्या बाहेरच्या थरातला हेलियम तापला की उजेड अडवतो, थर फुगतो, निवतो, उजेड सुटतो, थर पुन्हा खाली बसतो.

त्यांचं महत्त्व असं की या सगळ्यांची खरी दीप्ती जवळपास सारखीच, सूर्याच्या चाळीस-पन्नास पट. म्हणजे तारा किती मंद दिसतो यावरून गुच्छाचं अंतर काढता येतं. अमेरिकी ज्योतिर्विद हार्लो शेप्ली यांनी १९१८ च्या सुमारास हेच केलं, आणि सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, मध्य दूर धनु राशीच्या दिशेला आहे, हे दाखवून दिलं. त्यांची अंतरं बरीच जास्त निघाली होती, पण दिशा अचूक होती.

बेलींच्या पट्ट्यांवर गुच्छाचा मध्य मात्र पांढराफटक. तिथे तारे वेगळे दिसतच नव्हते, आणि ही अडचण पुढची शंभर वर्षं पुरली. दिवाळीत समोरच्या इमारतीवर सोडलेल्या माळा दुधी काचेतून बघा आणि त्यातला नेमका कोणता दिवा मंद होतोय ते सांगा, असा हा मामला आहे. दुधी काच म्हणजे आपलं वातावरण. ते प्रत्येक ताऱ्याचा बिंदू पसरून त्याची चकती करतं, आणि गुच्छाच्या गाभ्यात एकेका चकतीखाली तीन-चार तारे सापडतात.

१९८७ मध्ये कॅनडाच्या पीटर स्टेट्सन यांचा डीएओफॉट हा संगणक कार्यक्रम आला. एकमेकांवर चढलेल्या चकत्या गणितानं सोडवायच्या आणि प्रत्येक ताऱ्याचा वाटा वेगळा काढायचा, ही त्याची रीत. ती आजही वापरात आहे. पण ऐन गाभ्यात तीही हात टेकते. मला सर्वात सुंदर वाटते ती १९९० च्या दशकात रुळलेली वजाबाकीची पद्धत. फ्रान्सचे क्रिस्तोफ आलार आणि अमेरिकेचे रॉबर्ट लप्टन यांनी १९९८ मध्ये तिचं गणित नीट बसवलं. तारे मोजत बसायचंच नाही. सर्वात स्वच्छ रात्रीचं चित्र घ्यायचं, ते दुसऱ्या रात्रीच्या चित्राइतकंच धूसर करायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. जे तारे बदलले नाहीत ते पुसले जातात. उरतो सपाट करडा पडदा, आणि त्यावर रूपविकारी तारे पांढरे किंवा काळे ठिपके होऊन उमटतात: त्या रात्री तेज वाढलं असेल तर पांढरा, घटलं असेल तर काळा. पाच लाख ताऱ्यांच्या एम-३ मधले दोनशेहून जास्त आरआर लायरी असे उठून दिसतात.

पण प्रत्येक ठिपक्यावर भरवसा ठेवायचा नसतो, आणि माझ्या मते या कामाची खरी परीक्षा इथेच होते. अर्धा काळा, अर्धा पांढरा ठिपका दिसला की समजावं, तारा बदललेला नाही, चित्रं नीट एकावर एक बसलेली नाहीत. गुच्छ क्षितिजाजवळ असेल तर निळे तारे तांबड्यांपेक्षा किंचित जास्त वर उचललेले दिसतात, त्यामुळेही असे ठिपके पडतात. तेजस्वी तांबड्या राक्षसी ताऱ्यांनी कॅमेऱ्याची चिप भरून वाहते, तिथे कडी उमटतात. आणि एकमेकांना चिकटलेल्या दोन ताऱ्यांचा आवर्तकाल पाचव्या दशांशापर्यंत जुळला, तर त्यातला एक नुसता शेजाऱ्याचा उजेड खातोय, हे नक्की. जुन्या याद्यांमधली कितीतरी नावं या छाननीत गळाली. गुच्छांमधल्या रूपविकारी ताऱ्यांची यादी टोरांटोत ज्योतिर्विद हेलन सॉयर हॉग यांनी १९३९ पासून आयुष्यभर सांभाळली. त्यांच्याइतकं चिकाटीचं काम या विषयात क्वचितच कुणी केलं असेल.

वजाबाकीलाही एक मर्यादा आहे. फरक ती अचूक देते, मूळ तेज देत नाही. समजा, एका ताऱ्याचं तेज १०० वरून २०० झालं. दुप्पट, म्हणजे पाऊण प्रतीचा बदल (प्रत हे ताऱ्याचं तेज सांगायचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). त्याच्या चकतीखाली १०० तेजाचा स्थिर शेजारी दडला असेल तर आपल्याला २०० चे ३०० झालेले दिसतात: दीडपट, म्हणजे जेमतेम ०.४४ प्रत. तारा आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो, म्हणून जवळचा वाटतो. या उदाहरणात अंतर खऱ्याच्या सुमारे पाऊणपटच निघेल. आवर्तकाल मात्र शेजारी कितीही असले तरी तोच राहतो. म्हणून गाभ्यातल्या ताऱ्याच्या बाबतीत मी आधी त्याचा काळ विचारतो, तेज नंतर.

आणि काळ मोजायला रात्री हव्यात, त्याही पृथ्वीच्या वेगवेगळ्या बाजूंच्या. आवर्तकाल बरोबर अर्ध्या दिवसाचा असेल तर एकाच जागेवरून रोज रात्री ताऱ्याची तीच अवस्था दिसणार. लडाखमध्ये हान्लेला, ४५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे. बंगळुरूजवळच्या होस्कोटेहून उपग्रहामार्फत ती चालवतात. तिच्या चित्रांवर आपल्या ज्योतिर्विद सुनेत्रा गिरिधर आणि मेक्सिकोचे आर्मांदो आरेयानो फेरो यांच्या गटानं वजाबाकीच्या पद्धतीनं एम-५३, एम-७९, एम-७२ अशा गुच्छांचा अभ्यास केला, जुन्या नोंदी तपासल्या, नवे तारे जोडले. आपल्या दुर्बिणीवर इतकं नेटकं काम होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

गाभ्यात शिरायचे आणखी दोन मार्ग आहेत. एक, चिलीतल्या ला सिया वेधशाळेत डॅनिश दुर्बिणीवर केला तसा: सेकंदाला दहा चित्रं घ्यायची, त्यातली सर्वात रेखीव वेगळी जुळवायची. एवढ्या कमी वेळात तेजस्वी तारेही चिप भरून टाकत नाहीत. दुसरा, वातावरणाच्या वर जायचं. १९९९ च्या जुलैत हबल अवकाश दुर्बिणीनं ४७ टुकानी या गुच्छातल्या सुमारे ३४ हजार ताऱ्यांवर आठ दिवस नजर ठेवली. ताऱ्यांपुढून जाणारे मोठे ग्रह शोधायचे होते. सतराएक सापडतील असा अंदाज होता, एकही सापडला नाही. पण त्याच चित्रांतून एकमेकांना झाकणारे जोडतारे कितीतरी निघाले, आणि गर्दीत जोड्या कशा टिकतात याचा अभ्यास त्यांवर उभा राहिला.

तुमच्यापैकी कुणाकडे सहा इंची दुर्बीण असेल तर सर्प तारकासमूहातल्या एम-५ मधला व्ही-४२, म्हणजे त्या गुच्छातला ४२ व्या क्रमांकाचा रूपविकारी तारा, बघा. तो आरआर लायरी नाही, त्यांच्याहून बराच तेजस्वी आणि जास्त सावकाश आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या सेफाइड जातीचा आहे, साधारण साडेदहा ते बारा प्रतीपर्यंत उतरतो. आवर्तकाल २५.७ दिवस. गाभ्याच्या बाहेर असल्यामुळे डोळ्यांनी वेगळा ओळखता येतो. मार्चच्या मध्यापासून सुरुवात केलीत तर पाऊस लागायच्या आत तीन आवर्तनं हाती लागतील. दर दोन-तीन दिवसांनी शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून बघा, आणि तारखेबरोबर वेळही लिहून ठेवा.