कानाला दडे बसतात तेव्हा

(दृश्य: पहाट. खंडाळ्याचा घाट चढणारी एसटी. काचांवर धुकं.)

खोपोली मागे पडली. चालकानं गिअर बदलला आणि मागच्या सीटवरचं बोलणं एकदम लांब गेलं. इंजिनाची घरघरही कुणीतरी रजईत गुंडाळून ठेवल्यासारखी. शेजारचा काहीतरी विचारतो, आपण "काय?" म्हणतो, आणि तो "काय" आपल्याच डोक्यात घुमत राहतो.

कानाला दडे बसले.

२०२० पर्यंत अमृतांजन पूल जिथं उभा होता, त्या वळणाच्या आसपास कुणी जांभई देतं, कुणी आवंढा गिळतं. कानात बारीक 'टुक्' होतं आणि सगळे आवाज परत जागेवर येतात. एवढ्याशा 'टुक्'मध्ये कान, नाक आणि घसा या तिघांचा हात असतो. या तिघांना एकच डॉक्टर का, या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे.

(दृश्य: कानाच्या आतील रचनेचं रेखाचित्र.)

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसती ओसरी. तिथून जेमतेम अडीच सेंटिमीटरची वाकडी वाट आत जाते. वाटेत मळ असतो. हा मळ म्हणजे घाण, असं आपण धरून चाललोय, पण तो कानाचा राखणदार आहे. धूळ, किडे, पाणी तो अडवतो. शिवाय पडद्यापासून बाहेरच्या दिशेनं इथली त्वचा हळूहळू सरकत असते आणि मळालाही बाहेर आणते. आपण काडी, किल्ली, केसांची पिन, हाताला लागेल ते घालतो आणि बाहेर निघालेल्या मळाला पुन्हा आत ढकलून ठासून बसवतो.

वाटेच्या टोकाला पडदा. रुंदी एक सेंटिमीटरच्या आत-बाहेर, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. त्याच्यामागे तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, तीन मिलिमीटरच्या आसपासचं. या तिघांची गरज का पडली? विहिरीत बुडी मारून पाहा. काठावरचे कितीही ओरडू देत, पाण्याखाली शब्द पोचत नाहीत, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. आपल्या कानाची अडचणही तीच आहे. आवाज हवेतून येतो, आणि ऐकणाऱ्या पेशी बसल्यात गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, द्रवात बुडून. म्हणून मोठ्या पडद्यावरचा धक्का ही हाडं त्या शंखाच्या इवल्याशा तोंडावर एकवटतात. दाब सुमारे वीस-बावीस पट होतो. तेव्हा कुठं आतलं पाणी हलतं.

ही हाडं ज्या खोलीत आहेत, त्या मधल्या कानात हवा हवी. चहाच्या चमच्यातही भरणार नाही एवढीच, पण बाहेरच्या हवेच्या दाबाशी जुळणारी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ७ टक्के कमी भरतो. बाहेरचा दाब कमी झाला, आतला तसाच राहिला, की पडदा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. प्रमाणाबाहेर ताणलेला तबला जसा नीट बोलत नाही, तसा जादा ताणलेला पडदाही नीट हलत नाही.

मग या खोलीला हवा येते कुठून? नाकाच्या मागून.

(दृश्य: जुनी शरीररचनेची ताम्रपटचित्रं.)

सोळाव्या शतकात रोममध्ये बार्तोलोमेओ युस्टाकी नावाचा शरीररचनातज्ज्ञ होता. मधल्या कानापासून नाकामागच्या घशापर्यंत जाणारी एक नळी त्यानं बारकाईनं वर्णन केली. गंमत अशी, की त्यानं तयार करवून घेतलेली शरीररचनेची बहुतेक चित्रं त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत. तो १५७४ मध्ये गेला आणि चित्रं उजेडात आली १७१४ साली. नळीला मात्र त्याचं नाव कायमचं चिकटलं. डॉक्टर तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. आपण आज तिला कानाची खिडकी म्हणू.

मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटिमीटरच्या घरात असते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना टाळूचे स्नायू तिला खेचून क्षणभर उघडतात. तोच तो 'टुक्'. लोणावळ्याच्या स्टँडवर चिक्की खाऊन कान मोकळे झाले, तर श्रेय गुळाला नव्हे, गिळण्याला. चिक्कीवाल्यांनी रागावू नये.

(दृश्य: शाळेचा वर्ग. मागच्या बाकावरचं मूल खिडकीबाहेर बघतंय.)

आता हीच नळी लहान मुलात पाहा. लांबी निम्म्याच्या आसपास आणि जवळजवळ आडवी. मोठ्यांमध्ये ती तिरकी उतरते, त्यामुळे निचरा होतो. मुलांमध्ये नाकातला शेंबूड, जंतू, सगळ्यांना कानाकडे जायला सपाट रस्ता. त्यात नळीच्या तोंडाशी अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ असते. घशात दिसणाऱ्या टॉन्सिलची ही न दिसणारी बहीण. सर्दी झाली की ती सुजते आणि खिडकी बंद.

खिडकी बंद झाली की आतली हवा अस्तरात शोषली जाते. पडदा आत ओढला जातो. पोकळीत पाणी साचतं, पुढं ते डिंकासारखं घट्ट होतं. बहुतेकदा दुखत नाही, ताप नसतो, कान वाहत नाही. मूल फक्त कमी ऐकतं. टीव्हीचा आवाज वाढवतं. तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं. हाक मारली की तिसऱ्यांदा 'ओ' देतं. शाळेच्या वहीत शेरा येतो, 'लक्ष देत नाही.' घरी बोलणी बसतात. त्या मुलाच्या बाजूनं कुणी बोलत असेल, तर तो श्रवणचाचणीचा आलेख.

यातली बरीच मुलं तीनेक महिन्यांत आपोआप सुधारतात. म्हणून डॉक्टर आधी वाट बघायला सांगतात, आणि ते टाळाटाळ म्हणून सांगत नाहीत. पाणी हटलंच नाही तर पडद्याला छोटं छिद्र करून त्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात, गरज असेल तर अ‍ॅडेनॉइड काढतात. मोठ्या माणसाच्या एकाच कानात असं पाणी टिकून राहिलं, तर मात्र नाकाच्या मागची जागा दुर्बिणीनं तपासायलाच हवी. तिथं एखादी गाठ दडलेली असू शकते.

जंतू शिरले तर गोष्ट वेगळी. रात्री दोनला ठणका सुरू होतो. घरात एकच धावपळ: लसूण घालून तेल कोमट करा. हेतू मायेचा, पण तेल ओतलं जातं पडद्याच्या अलीकडे आणि पू साचलाय पलीकडे. पहाटे पडदा फुटतो, उशी ओली होते, ठणका थांबतो. सगळे म्हणतात, तेल लागू पडलं. फुटलेल्या पडद्यातून आता तेच तेल, तेच अंघोळीचं पाणी थेट आत जाणार. पडद्याचं छिद्र बहुधा भरून येतं. ते भरलं नाही, की 'याचा कान वाहतो' ही घरातली कायमची ओळख होऊन बसते. वाहणाऱ्या पाण्याला घाण वास असेल तर अजिबात थांबू नका. काही वेळा पडद्याची त्वचा आत वाढून हाड कुरतडत जाते, आणि त्या हाडाच्या वर मेंदू आहे.

(दृश्य: उन्हाळा. विदर्भातलं अंगण. मुलाचं नाक फुटलंय.)

ज्याच्या मागे ही खिडकी उघडते, त्या नाकाचंही थोडं ऐकू. आत येणारी हवा गाळायची, ओलसर करायची, उबदार करायची, ही त्याची दिवसभराची हमाली. त्यासाठी आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात ते अगदी वरच्यावर असतं. कोरडी हवा लागली, बोटानं खरवडलं, की घोळणा फुटतो. मग मान मागे, डोक्यावर पाणी, हुंगायला कांदा. मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते घशात उतरतं आणि मूल ओकतं. बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये सोडून 'थांबलं का' ते बघू नका. आपण सगळे तेवढंच चुकतो.

(दृश्य: तळहातावर मळली जाणारी तंबाखू.)

आणि घसा. कानाच्या या गोष्टीत तो एका विचित्र वाटेनं येतो. पन्नाशीचा माणूस म्हणतो, कान दुखतोय. कान स्वच्छ, पडदा धडधाकट. कानात थेंब घालून महिना जातो. कानाला आणि घशाला, जिभेच्या मुळाला संवेदना पोचवणाऱ्या काही नसा एकच आहेत. तक्रार घशातून निघते आणि मेंदूला पत्ता कानाचा वाटतो. कधी किडलेली दाढ असते, कधी टॉन्सिलची सूज. तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत तो घशाचा कर्करोगही असू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण चुन्याची डबी अजून खिशात आहे. निरोगी कान महिनाभर दुखला, किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला राहिला, तर डॉक्टरला घशात बघायला लावा.

(दृश्य: रात्र. घाट उतरणारी एसटी.)

परतीचा प्रवास. उतरताना दडे जास्त छळतात. चढताना आतली जादा हवा नळी ढकलून आपली आपण बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, मिटलेली नळी आणखी मिटते, आणि ती मुद्दाम उघडावी लागते. सर्दी असेल तर उघडत नाही. अशा वेळी नाक दाबून जोरानं फुंकू नये. नाकातले जंतू कानात जातात.

तिसऱ्या सीटवर तान्हं बाळ किंचाळायला लागलंय. कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं पोट दुखतंय, कंडक्टर मागे वळून बघतो. आई पदर ओढून त्याला पाजायला घेते. बाळ एक घोट गिळतं, दुसरा गिळतं. खोपोलीचे दिवे दिसायला लागतात तोवर ते झोपलेलं असतं.